युद्ध आणि हेरगिरीतील स्त्रिया : इतिहासकाराने त्यांच्याविषयी कसे लिहावे?

मंजिरी (प्रश्न)

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह, म्हणजेच एसओई, या गुप्त संघटनेने जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये ज्या स्त्रिया उतरवल्या, त्यांच्यावर एक दीर्घ लेख लिहिण्याचे काम मी हाती घेतले आहे. या संघटनेच्या एफ सेक्शनने, म्हणजे फ्रान्सचे काम पाहणाऱ्या मुख्य शाखेने, चारशेहून अधिक हस्तक पाठवले. त्यांत 39 स्त्रिया होत्या आणि त्यांपैकी 13 जणी परत आल्या नाहीत. एवढा तपशील जवळजवळ सगळीकडे सारखाच सापडतो. त्यापुढे मात्र लेखनाच्या दोन ठरीव वाटा दिसतात. एक वाट पहिल्या महायुद्धातल्या माता हारीच्या प्रतिमेपासून निघते. तिच्यात स्त्री-हेर म्हटली की सौंदर्य, मोह आणि विश्वासघात एवढेच उरते. दुसरी वाट हौतात्म्याची आहे. तिच्यात त्या स्त्रीचे सारे आयुष्य तिच्या मृत्यूच्या दिवसाकडे डोळे लावून बसलेले असते, आणि त्याआधी तिने महिनोन्‌महिने काय काम केले हे दोन-चार वाक्यांत उरकले जाते.

मला नेमके ते काम जाणून घ्यायचे आहे. सुटकेसमध्ये मावणारा, सुमारे 15 किलो वजनाचा वायरलेस संच घेऊन पोलिसांच्या नाकाबंदीतून जाणे, ठरलेल्या वेळी लांब एरियल कुणाला दिसणार नाही अशा बेताने टांगणे, वायरलेसचा माग काढणाऱ्या जर्मन शोधपथकाची गाडी जवळ येण्याआधी संदेश संपवून जागा बदलणे, हे सारे कौशल्याचे काम होते आणि ते कौशल्य म्हणूनच लिहिले जावे असे मला मनापासून वाटते.

माझे दोन प्रश्न आहेत. एकाच व्यक्तीविषयी कागदपत्रे परस्परविरोधी बोलत असतील तर इतिहासकाराने कोणाचे ऐकावे? आणि दुसरे असे की या स्त्रियांचा इतिहास वेगळा काढून लिहिणे योग्य आहे का, की ज्या जाळ्यात त्यांनी पुरुषांबरोबर काम केले त्या जाळ्याच्या इतिहासातच तो असावा?

दप्तरखाना

आपल्या पहिल्या प्रश्नाचा विचार नूर इनायत खानच्या फाइलवरून करू. नूर वायरलेस ऑपरेटर म्हणून जून 1943मध्ये फ्रान्समध्ये उतरली. त्याआधी तिच्या प्रशिक्षणाच्या अखेरीस एका अधिकाऱ्याने जो अहवाल लिहिला, त्यात ती फारशी बुद्धिमान नसल्याचे, मात्र मेहनती असल्याचे, गुप्ततेच्या शिकवणुकीकडे तिचा कल नसल्याचे आणि प्रत्यक्ष कामासाठी ती योग्य ठरेल का याविषयी मोठी शंका असल्याचे नमूद आहे. एफ सेक्शनचे प्रमुख मॉरिस बकमास्टर यांनी त्याच कागदावर हे सारे निरर्थक असल्याचा शेरा मारला. पुढच्या लेखकांनी आपापल्या कलाप्रमाणे या दोहोंतला एक आवाज उचलला. ज्यांना नूर ही चुकीची निवड वाटली त्यांनी अहवाल उद्धृत केला, आणि ज्यांना तिची पूजा बांधायची होती त्यांनी शेरा उद्धृत केला.

माझ्या मते या दोन ओळींपैकी खरी कोणती, असे विचारण्यात फारसा अर्थ नाही. प्रशिक्षकाचे कामच मुळी दोष शोधण्याचे होते, आणि बकमास्टर यांना त्या वसंत ऋतूत वायरलेस ऑपरेटरांची इतकी निकड होती की नकार ऐकण्याची त्यांची तयारी नव्हती. म्हणून तो कागद नूरच्या बुद्धीविषयी थोडे आणि त्या कार्यालयाच्या घाईविषयी पुष्कळ सांगतो. तिच्या योग्यतेचा पुरावा पुढच्या महिन्यांत शोधावा लागतो. ती उतरल्यावर आठवडाभरातच 'प्रॉस्पर' या पॅरिसच्या मोठ्या जाळ्यात धरपकड सुरू झाली. परत येण्याची संधी तिने नाकारली, आणि ऑक्टोबरपर्यंत, जागा बदलत, ती लंडनला संदेश पाठवत राहिली.

आता याहून गंभीर गोष्ट. आपण दिलेला '39 पैकी 13' हा आकडा चुकीचा नाही, परंतु तो कशाचा आकडा आहे हे पाहणे आवश्यक आहे. 6 जुलै 1944 रोजी नाट्सवायलर छळछावणीत चार स्त्रियांना मारण्यात आले. युद्धानंतर एफ सेक्शनमधील अधिकारी व्हेरा ॲटकिन्स आपल्या बेपत्ता हस्तकांचा माग काढत जर्मनीत हिंडल्या, त्या छावणीतून वाचलेल्या कैद्यांच्या जबान्या त्यांनी जमवल्या. त्या कैद्यांत ब्रायन स्टोनहाउस हा त्यांचाच एक हस्तक होता. तो चित्रकार असल्याने त्या स्त्रियांचे कपडे, केस आणि चालण्याची ढब त्याच्या लक्षात राहिली होती. या वर्णनांवरून आंद्रे बोरेल, व्हेरा ली आणि डायना राउडन यांची ओळख पटली. चौथी नूर असावी असा निष्कर्ष निघाला आणि तो काही काळ अधिकृतही ठरला. पुढे उलगडा झाला की नूर त्या वेळी जर्मनीतील फोर्ट्सहाइमच्या तुरुंगात साखळदंडात होती आणि 13 सप्टेंबर 1944 रोजी तिला दाखाऊ छळछावणीत इतर तिघींसह गोळी घालण्यात आली.

मग नाट्सवायलरमधली चौथी स्त्री कोण? ती सोनिया ओल्शानेत्स्की, फ्रान्समध्ये वाढलेली, जन्माने जर्मन ज्यू तरुणी. एका जाळ्यात ती निरोप पोहोचवण्याचे काम करीत होती. तिची भरती फ्रान्समध्येच झाली होती, लंडनहून तिला पाठवण्यात आले नव्हते. त्यामुळे ज्या यादीवरून नावे जुळवायची त्या यादीतच तिचे नाव नव्हते. फ्रान्समधील व्हॅलाँसे येथे 1991मध्ये एफ सेक्शनचे जे स्मारक उभे राहिले, त्यावर 104 नावे आहेत आणि त्यांत 13 स्त्रिया आहेत. सोनिया त्या 13 जणींत नाही. काम तेच, जोखीम तीच, शेवटही इतर तिघींबरोबर एकाच रात्री, तरीही ती मोजणीबाहेर राहिली. आपल्या लेखात तो आकडा अवश्य द्यावा, पण तो 'लंडनहून पाठवलेल्या' स्त्रियांचा आहे हे त्याच वाक्यात लिहावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे. स्थानिक पातळीवर भरती झालेल्या, हस्तकांना घरात आसरा देणाऱ्या, संदेशांची देवाणघेवाण करण्यासाठी दुकानाची मागची खोली उघडून देणाऱ्या स्त्रियांची गणती या आकड्यात मुळीच नाही.

कागदपत्रांच्या अवस्थेचीही जाणीव असू द्यावी. 1946मध्ये ही संघटना बरखास्त झाली; त्याच सुमारास लंडनमधील बेकर स्ट्रीटवरील कार्यालयात लागलेल्या आगीत आणि नंतरच्या छाननीत बरेच दप्तर नष्ट झाले. जे उरले तेही 1990च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने खुले झाले. त्यापूर्वीचे बहुतेक लेखन मुलाखती आणि आठवणींवर उभे आहे, हे वाचताना विसरू नये.

सरोजिनी

दप्तरखाना यांच्या प्रतिसादाशी मी पूर्णपणे सहमत आहे, आणि त्याला जोडून एक बाजू मांडते. कोणती स्त्री कागदावर 'सैनिक' होती आणि कोणती नव्हती, यावरच तिचा इतिहास किती शिल्लक राहिला हे पुष्कळदा ठरलेले आहे.

एसओईच्याच बाबतीत पाहा. ब्रिटनच्या नियमित सैन्यदलांच्या स्त्री-शाखांना शस्त्र हाताळण्याची मुभा नव्हती. म्हणून अनेक स्त्री-हस्तकांची नोंद फर्स्ट एड नर्सिंग योमनरी या स्वयंसेवी संघटनेत करण्यात आली. कागदावर शुश्रूषा आणि वाहनचालन, प्रत्यक्षात पॅराशूटने उतरणे आणि स्फोटके. पर्ल विदरिंग्टन यांचे प्रकरण तर फारच बोलके आहे. मे 1944मध्ये त्यांच्या जाळ्याचे प्रमुख मॉरिस साउथगेट पकडले गेल्यावर विदरिंग्टन यांनी जाळ्याच्या एका भागाची सूत्रे हाती घेतली, आणि नॉर्मंडीच्या चढाईनंतर जर्मन सैन्याची वाहतूक खिळखिळी करणाऱ्या मोठ्या प्रतिकार-तुकडीचे नेतृत्व केले. युद्धानंतर सरकारने त्यांना एमबीई हा किताब देऊ केला तो नागरी विभागातला. आपण केलेल्या कामात नागरी असे काहीच नव्हते, असे सांगून त्यांनी तो परत केला. सैनिकी विभागातला किताब त्यांना नंतर मिळाला. पॅराशूट-उडीचे मानचिन्ह मात्र 2006 साली, वयाच्या नव्वदीनंतर मिळाले. किताबाच्या याद्यांवरून इतिहास लिहिणाऱ्याला 'नागरी' या रकान्यातली विदरिंग्टन दिसली असती, आणि त्या रकान्यामागची तुकडी दिसलीच नसती.

ही गोष्ट एका देशाची किंवा एका युद्धाची नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात हॅरिएट टबमन यांनी उत्तरेच्या सैन्यासाठी हेरांचे पथक चालवले, आणि जून 1863मध्ये साउथ कॅरोलायनातील कॉम्बाही नदीवरच्या मोहिमेत त्यांच्या माहितीच्या आधारे सैन्याने सातशेहून अधिक गुलामांची मुक्तता केली. निवृत्तिवेतनासाठी त्यांना अनेक दशके झगडावे लागले. आधी मिळाले ते पतीच्या सैनिकी सेवेमुळे विधवा म्हणून महिना 8 डॉलर. 1899मध्ये ती रक्कम 20 डॉलर झाली, तीही त्यांची परिचारिका म्हणून झालेली सेवा धरून. हेरगिरीचा हिशेब सरकारने केलाच नाही. म्हणजे निवृत्तिवेतनाची नोंद हाच पुरावा धरला तर टबमन यांनी कधी हेरगिरी केलीच नव्हती!

त्याआधीच्या अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात डेबोरा सॅम्पसन यांनी 1782मध्ये पुरुषाच्या नावाने सैन्यात नाव नोंदवले होते. 1804मध्ये त्याच युद्धातले नामवंत देशभक्त पॉल रिव्हिअर यांनी त्यांच्या निवृत्तिवेतनासाठी जे शिफारसपत्र लिहिले, ते वाचण्याजोगे आहे. सैनिक म्हटल्यावर उंच, पुरुषी स्त्री डोळ्यांसमोर आली होती, प्रत्यक्षात मात्र लहानखुरी, नाजूक आणि चांगले संभाषण करणारी स्त्री भेटली, असे ते आवर्जून सांगतात. शिफारस सैनिकी सेवेची, आणि दाखला बायकी सौजन्याचा. असे पत्र हाती आले की त्यातून सॅम्पसन यांचा स्वभाव काढण्याऐवजी, त्या काळी एखाद्या स्त्रीला सरकारकडून पैसे मिळवण्यासाठी काय सिद्ध करावे लागत होते हे इतिहासकाराने काढावे. मला ते अधिक भरवशाचे वाटते.

अनिकेत रा.

आपला दुसरा प्रश्न मला अधिक अवघड वाटतो, आणि वरच्या दोन्ही उत्तम प्रतिसादांनी तो बाजूला ठेवला आहे.

स्त्रियांचा इतिहास वेगळा काढला की एक नकळत घडणारा दोष त्यात येतो : लेखकाला प्रत्येक घटनेचे कारण 'ती स्त्री होती म्हणून' असे दिसू लागते. निरोप पोहोचवण्याच्या कामावर स्त्रिया जास्त नेमल्या गेल्या, याचे स्पष्टीकरण बहुतेक ठिकाणी त्यांच्या उपजत चातुर्यात शोधलेले आढळते. वास्तविक कारण पुष्कळसे व्यवहारी आहे. फेब्रुवारी 1943मध्ये फ्रान्समधील, जर्मनांशी सहकार्य करणाऱ्या व्हिशी सरकारने तरुण पुरुषांना जर्मनीत सक्तीच्या श्रमासाठी पाठवण्याचा कायदा केला. त्यानंतर कामाच्या दिवशी रेल्वेत किंवा सायकलवर दिसणारा तरुण पुरुष हा आपोआपच कागदपत्रे तपासण्याचा विषय झाला, आणि स्त्री तशी झाली नाही. जाळ्याचा, कायद्याचा आणि रेल्वेचा इतिहास बाजूला ठेवून नुसती चरित्रे लिहिली तर हे कारण निसटते.

तरीही वेगळा अभ्यास आवश्यकच आहे असे मी म्हणतो, कारण तो केल्याशिवाय काही जाळ्यांचे स्वरूपच कळत नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनव्याप्त बेल्जियममध्ये 'ला दाम ब्लांश' नावाचे जाळे ब्रिटिश गुप्तचर खात्यासाठी काम करीत होते. त्याचा मुख्य उद्योग रेल्वेमार्गावर नजर ठेवण्याचा : कोणत्या दिशेने किती गाड्या गेल्या, त्यांत सैनिक होते की घोडे की तोफा, याची रात्रंदिवस नोंद ठेवायची आणि ती नेदरलँड्सच्या सीमेपार पोहोचवायची. हे काम घराच्या खिडकीतून होत असल्यामुळे अख्खी कुटुंबे त्यात असत आणि स्त्रियांची संख्या मोठी होती. या जाळ्याने ब्रिटिशांकडे आग्रह धरला की आपल्या सदस्यांना पगारी हेर न मानता सैनिक मानावे. सदस्यांनी तशी शपथ घेतली आणि स्त्रियाही त्या शपथेत होत्या. याच युद्धातील स्त्री-हेर म्हणून जगाला आठवते ती माता हारी, जिला 15 ऑक्टोबर 1917 रोजी व्हॅन्सेन येथे गोळी घालण्यात आली आणि जिने जर्मनांना महत्त्वाचे असे काही पुरवल्याचा भक्कम पुरावा मिळत नाही. गाड्या मोजणाऱ्या स्त्रियांमुळे जर्मन सैन्याच्या हालचाली आधी कळत होत्या, पण त्यांच्यावर कादंबऱ्या आल्या नाहीत. इथे सरसकट इतिहासाने त्या स्त्रियांना कुटुंबांत विरघळवून टाकले होते. वेगळ्या अभ्यासाने त्या पुन्हा स्पष्ट दिसू लागल्या.

दुसऱ्या महायुद्धातील ब्लेचली पार्क या, शत्रूचे सांकेतिक संदेश फोडणाऱ्या ब्रिटिश केंद्राचेही तसेच आहे. तेथील कर्मचाऱ्यांत जवळजवळ तीन-चतुर्थांश स्त्रिया होत्या, पण गुप्ततेच्या बंधनामुळे 1970च्या दशकापर्यंत कुणी तोंड उघडले नाही, आणि तोवर सांकेतिक लिपी फोडणाऱ्या चार-पाच पुरुषांची प्रतिमा पक्की होऊन गेली.

एक धोका मात्र दाखवून देतो. युद्ध आणि हेरगिरी यांची सरमिसळ करू नये. सोव्हिएत युनियनच्या सैन्यात सुमारे 8 लाख स्त्रियांनी काम केले असे मानले जाते. त्यांतल्या रात्री बॉम्बफेक करणाऱ्या 588व्या रेजिमेंटमध्ये वैमानिकांपासून बॉम्ब चढवणाऱ्यांपर्यंत सगळ्या स्त्रियाच होत्या. आझाद हिंद सेनेच्या झाशी राणी रेजिमेंटमधल्या बहुतेक मुली मलायातील होत्या, त्यांतल्या पुष्कळ रबराच्या मळ्यांवरील तमिळ मजूर-कुटुंबांतून आलेल्या होत्या आणि त्यांनी भारत कधी पाहिलेलाही नव्हता. या दोन्ही ठिकाणी स्त्रिया गणवेशात, उघडपणे, सैनिक म्हणून होत्या. पकडली गेलेली हस्तक स्त्री गणवेशाच्या संरक्षणाबाहेर होती. दोघींचे धैर्य सारख्याच आदराने लिहावे, परंतु त्यांची कायदेशीर अवस्था एक नव्हती आणि त्यामुळे मागे राहिलेले पुरावेही एकाच प्रकारचे नाहीत. एका लेखात दोघींना आणायचे असेल तर हा फरक आधी मांडावा लागेल.

मंजिरी

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. '39 पैकी 13' हे वाक्य मी आजच बदलते, आणि सोनिया ओल्शानेत्स्कीला लेखात स्वतंत्र जागा देते.

दप्तरखाना यांना आणखी एक विचारते. नूरने पाठवलेल्या संदेशांच्या प्रती वहीत जपून ठेवल्या होत्या आणि अटकेच्या वेळी ती वही जर्मनांच्या हाती लागली, हे तिच्यावरच्या लेखनात कुठे दडपलेले आणि कुठे तिच्यावर आरोपासारखे ठेवलेले दिसते. जिने जिवाची पर्वा केली नाही तिची चूक कशी लिहावी, हे मला खरोखरच उमगत नाही.

दप्तरखाना

ती पूर्ण लिहावी, आणि ज्या यंत्रणेत ती घडली ती यंत्रणाही तितक्याच बारकाईने लिहावी.

वहीमुळे जर्मनांना तिचे सांकेतिक तंत्र आणि लिहिण्याची धाटणी मिळाली, आणि तिच्या वायरलेसवरून त्यांनी तिच्याच नावाने लंडनशी संवाद चालू ठेवला. त्याचे परिणाम ठोस होते. फेब्रुवारी 1944च्या अखेरीस मॅडलेन दामेरमाँ ही हस्तक दोन सहकाऱ्यांसह पॅराशूटने उतरली ती थेट वाट पाहत बसलेल्या जर्मन पथकाच्या हाती. उतरण्याची ती जागा या खोट्या संदेशांतूनच ठरली होती. हे टाळून नूरवर लिहिणे म्हणजे दामेरमाँवर अन्याय आहे.

पण आरोप करण्याआधी दुसरी बाजू मांडावी लागते. नूरचे प्रशिक्षण पूर्ण होण्याआधीच तिला पाठवण्यात आले होते, आणि संदेश जपून ठेवण्याविषयीची सूचना तिने तिला समजेल तशी पाळली असण्याची शक्यता अनेक अभ्यासकांनी मांडली आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अशा प्रसंगासाठीच प्रत्येक ऑपरेटरला संदेशात ठरावीक खुणेच्या चुका पेरायला शिकवले जाई. खूण नसली तर ऑपरेटर शत्रूच्या ताब्यात आहे असे लंडनने समजायचे. 'प्रॉस्पर' जाळ्याचा ऑपरेटर गिल्बर्ट नॉर्मन पकडला गेल्यावर त्याच्या नावाने आलेल्या संदेशात ती खूण नव्हती, आणि लंडनने शंका घेण्याऐवजी खूण विसरल्याबद्दल त्यालाच समज दिली. ही घटना नूरच्या अटकेआधीची आहे. म्हणजे दामेरमाँ उतरली त्या शेतापर्यंत जाणारी वाट एका वहीतून जाते, तशीच ती बेकर स्ट्रीटवरच्या त्या टेबलावरूनही जाते, जिथे इशारा पोहोचला होता आणि वाचला गेला नाही.

तेव्हा माझी सूचना अशी की लेखाचा हा भाग नूरच्या चरित्राच्या ओघात न घालता तारखांच्या क्रमाने मांडावा : जूनमधली धरपकड, नॉर्मनचा संदेश, ऑक्टोबरमधली अटक, वही, हिवाळ्यातले खोटे संदेश, फेब्रुवारीतली उतरण, आणि शेवटी 13 सप्टेंबर 1944, ज्या दिवशी नूर आणि दामेरमाँ या दोघींना दाखाऊमध्ये एकत्रच मारण्यात आले. लंडनहून कोणता संदेश कोणत्या दिवशी गेला हे फाइलींतून जितके मिळेल तितके शेजारी ठेवावे. नूरविषयीचे विशेषण त्यानंतर निवडावे. कदाचित त्याची गरजही पडणार नाही.